गोचीडअक्का

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे म्हशीच्या कानातले गोचीड काढणं. दुपार होती. कापूस वेचणीचे दिवस, सगळं गाव शेतात. मी म्हशीचा कान धरून उभा होतो आणि ती गोठ्याच्या दाराशी खाटेवर बसली होती. तिला वाकायची मनाई होती. म्हणून बोटं माझी आणि नजर तिची.

“नंदाना बाप, तो सोडा. तो गोचीड नही, तो मस शे. म्हशीना मस उपटशात का?”

मी मस ओढत होतो. म्हैस पाय झाडत होती. ही हसत होती, आणि हसताना उजवी कूस हातानं दाबून धरत होती, कारण हसायचंसुद्धा जपून होतं. शेवटी तिनं सांगितलं तसा मी एक गोचीड अगदी कातडीजवळ चिमटीत धरला, पीळ दिला आणि ओढला. आला. तो मिठाच्या पाण्याच्या डब्यात टाकला. “शिकनात एकदाना,” ती म्हणाली. मी म्हटलं, सगळं डोकं पिकल्यावर शिकून आता काय दिवे लावू?

गाव तिला गोचीडअक्का म्हणायचं. सोनगीरचा किल्ला पाठीमागे टाकून आत वळलं की आमचं गाव लागतं. तिथं येऊन माझ्या बायकोचं खरं नाव विचारलं तर जुनी माणसंही डोकं खाजवतील. गोचीडअक्का म्हटलं की लहान पोरगंही घर दाखवेल. ती धरणगावकडची. लग्न होऊन आली तेव्हा सासरी पहिल्या दिवशी तिनं काय केलं असेल, तर दारातल्या बैलाचं वशिंड चाचपलं. माझी आई म्हणाली, “बाई, आधी उंबरठा तर ओलांड.” ही म्हणाली, “ओलांडते, पण याला इथं दोन आहेत.” आई मरेपर्यंत ही गोष्ट पाहुण्यांना सांगत होती.

जनावर दिसलं आणि तिचा हात त्याच्या कानामागे गेला नाही, असं मी कधी पाहिलं नाही. रस्त्यानं चाललेली शेळी असो, नाहीतर बाजारातला दुसऱ्याचा बैल. चाळीसगावला आमच्या नात्यातलं लग्न होतं. वरात निघायची वेळ, नवरदेव फेटा बांधून तयार, वाजंत्री वाजतेय, आणि ही नव्या लुगड्यात नवरदेवाच्या घोडीच्या आयाळीत हात घालून उभी. नवरदेवाची आई आली. म्हणाली, “अक्का, मुहूर्त टळतो आहे.” हिनं मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. “तुमना पोऱ्या आखो घडीभर थांबी. हाई बिचारी कव्हयनी सोसी राहिनी.” घोडीवाला हसत होता. मी मेल्याहून मेल्यासारखा मांडवाच्या खांबामागे गेलो. पण सांगतो, ती घोडी मान खाली घालून इतकी शांत उभी होती, की पुढे साऱ्या वरातीत तिनं एकदाही मान उडवली नाही.

कुणाची गाय रोडावली, कुणाची शेळी खाईना, की लोक हिला बोलवायचे. ही मिठाच्या पाण्याचा डबा घेऊन जायची. काम झालं की चहासुद्धा घ्यायची नाही. म्हणायची, “गोचीड काढीसन हातना वास जास नही, त्या हातनं कप धरू का?” तिचं एक बोलणं ठरलेलं होतं: “बाहेरनं हातनं निंघस, मझारनं देव जाने.” मझार म्हणजे आत. आतल्या आजाराला ती हात लावायची नाही. जनावराचं पोट फुगलेलं दिसलं, डोळा पिवळा दिसला, की ती उठायची आणि सांगायची, माझं काम नाही, गुरांच्या डॉक्टरला बोलवा.

आम्हाला एकच पोरगी, नंदा. जळगावला कॉलेजात शिकली, पुढे आणखी शिकली आणि केरळात समुद्राच्या एका ऑफिसात लागली. तिचं काम काय, ते मला समजायला फार दिवस लागले. मी चौथीच्या पुढे गेलेला नाही, आणि समुद्र मी जन्मात एकदा पाहिला आहे. जे समजलं ते सांगतो. समुद्रात खोल, जिथं ऊन पोचत नाही, तिथं एका जातीचे शार्क मासे राहतात. अंग काळं, डोळे हिरवे. कोळी फार लांब दोर सोडून ते धरतात. पोटात निम्मी जागा नुसत्या कलेजीची, आणि त्या कलेजीच्या तेलासाठीच त्यांना धरतात. कोळ्यांनी आणलेला मासा नंदा फाडते आणि त्याच्या अंगावर व अंगात कोण कोण राहतं ते पाहते. कल्ल्यांना चिकटलेले, कातडीत रुतलेले, तोंडात बसलेले. आतड्याला आतून जिन्यासारखे पीळ असतात म्हणे, आणि त्या पिळांत पट्ट्यासारखे किडे आकडे रोवून लोंबत असतात. त्यातले काही असे, की दुसऱ्या कुठल्याच माशात ते सापडत नाहीत. तिनं फोनवर फोटो दाखवले, तेव्हा मी जेवत होतो. मी ताट सरकवलं. तिच्या आईनं चष्मा लावला.

“हाऊ गोचीडच शे,” ती म्हणाली. नंदा म्हणाली, “माय, गोचीड नाही गं, पण धंदा तोच.” झालं. आईला तेवढंच ऐकायचं होतं.

दुसऱ्या दिवशी गावभर झालं, की गोचीडअक्काची पोर समुद्रात माशांचे गोचीड काढते. तिला खरंच तसं वाटत होतं. मासा वर आणायचा, त्याचे किडे काढायचे, त्याला सुटका द्यायची आणि परत पाण्यात सोडायचा. सरकार त्यासाठी पगार देतं, आपण फुकट काढतो, एवढाच तिच्या मते मायलेकींत फरक. नंदा सुट्टीत आली की मी तिला डोळ्यांनी विचारायचो, सांगत का नाहीस? ती डोळ्यांनीच म्हणायची, राहू द्या आबा.

शेजारचा दगडू दूध घालायला जाताना ओट्याशी थांबायचा आणि हिला मुद्दाम डिवचायचा. “अक्का, म्हैस कान धरू देस. मासाना कान कोठे ऱ्हास? तुमनी नंदा धरस काय?” ही लगेच म्हणायची, “तू कोणले कान धरू देस का? त्या मासाले तुनापेक्षा समज शे.” दगडू हसत निघून जायचा. ती मात्र मग खरोखर विचारात पडायची. संध्याकाळी मला म्हणायची, “धरत असतील तरी कसं? अंग गुळगुळीत असेल.”

एकदा नंदानं तिला फोनवर व्हिडिओ दाखवला. थंड मुलखातल्या समुद्रातला मोठा शार्क होता. हळूहळू चालला होता, म्हाताऱ्या माणसासारखा. त्याच्या डोळ्यातून दोऱ्यासारखं काहीतरी लोंबत होतं. नंदा म्हणाली, तो किडा डोळ्याच्या बुबुळातच डोकं रोवून राहतो. माशाला पुढे नीट दिसेनासं होतं. आणि हा मासा फार जगतो, आपल्या कितीतरी पिढ्या जातील एवढं. हिनं फोन डोळ्यांजवळ धरला. मग म्हणाली, “इतलं आयुष्य, आन डोयामा गोचीड.”

त्या माशाचा तिनं ध्यासच घेतला. भाकरी थापताना मध्येच म्हणायची, “म्हैस झाडले अंग घासस. बैल शेपटी मारस. त्या बिचाराले तठे झाड नही.” मी म्हटलं, शेपटी असते त्याला. तर म्हणाली, ती पोहायची असते, मारायची नसते. मी भाकरी मोडून घेतली.

खरं तिला मीच सांगितलं. मला गोडगोड बोलता येत नाही, आणि खोटं फार दिवस पोटात राहत नाही. दिवाळीला नंदा आली होती. आईनं विचारलं, “काढीसन सोडी देतस ना त्याले पानीमा?” नंदा माझ्याकडे पाहायला लागली. मी म्हणालो, “मेलेला असतो तो. मेलेल्याला फाडते ती.” हिनं हातातली करंजी ताटात ठेवली. मला वाटलं, आता रडेल, नाहीतर मला बोलेल. तिनं नंदाला विचारलं, “मंग त्या किडासनं काय व्हस?”

नंदा म्हणाली, “तेही मरतात, माय. मासा मेला की त्यांचं घरच गेलं.”

“बठ्ठा?”

“बठ्ठा. सगळेच.”

ती उठून गोठ्यात गेली. फार वेळानं आली आणि नंदाला म्हणाली, “तू चांगलं काम करस. कोणी मोजाले तर पाह्यजे ना, त्यासनामा काय काय व्हतं ते.” तेव्हापासून गावात कुणी विचारलं तर ती खरं सांगायला लागली. मेल्यावर काढतात म्हणे. दगडूनं टोमणा मारला, “मंग उपयोग काय?” तर म्हणाली, “तू मरशी तव्हय तुनामा काय व्हतं ते तरी समजी.”

त्याच दिवाळीत तिची कूस दुखायला लागली होती, आणि आम्हाला ठाऊक नव्हतं. ठाऊक तिलाही नव्हतं. ती म्हणायची, भाकरी जड झाली. ओव्याचं पाणी प्यायची. नंदाच्या डोळ्यांतून ते सुटलं नाही. ती आम्हा दोघांना धरून धुळ्याला घेऊन गेली. पोटाची सोनोग्राफी झाली. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं. कलेजीत एक मोठा काळा फुगा, आणि फुग्याच्या आत बारीक बारीक फुगे. मला ते द्राक्षाच्या घडासारखं दिसलं. मी नंदाकडे पाहिलं. तिचा चेहरा असा झाला होता, की मी पुढे डॉक्टरांचं काही ऐकलंच नाही. तिनं पडदा पाहिल्या पाहिल्याच ओळखलं होतं. डॉक्टरांनी इंग्रजी नाव नंतर सांगितलं. ते माझ्या तोंडात बसत नाही.

तो किडा होता. पट्टकृमीच, त्या शार्कच्या आतड्यात असतात त्यांच्याच भावकीतला. तो कुत्र्यात राहतो. कुत्र्याच्या विष्ठेतून त्याची अंडी बाहेर पडतात, मातीत, गवतात, पाण्यात. मेंढी ती खाते, मेंढीच्या कलेजीत फुगा होतो, ती कलेजी पुन्हा कुत्रं खातं आणि चक्र फिरतं. डॉक्टरांनी विचारलं, “घरी कुत्रं आहे?” होतं. आमच्या शेतात दर वर्षी ठेलारी मेंढपाळांच्या मेंढ्या बसवायचो, लेंड्यांचं खत होतं म्हणून. एका वर्षी जाताना त्यांनी हिला पिलू दिलं. तिनं त्याचे गोचीड काढून काढून त्याला मोठं केलं. कोणत्या कुत्र्यापासून आलं, कधी आलं, ते कोणीच सांगू शकत नाही, असं डॉक्टर म्हणाले. वर्षानुवर्षं आत वाढत असेल. पण गावाला तेवढं पुरलं. दगडू दोरी घेऊनच आला. “आबा, हाई कुत्रं मी नदीपल्याड सोडी येस.” ही ओट्यावर बसली होती. म्हणाली, “बांध ती दोरी तुना गयाले. त्याले काय ठाऊक त्याना पोटमा काय शे? माले ठाऊक व्हतं का, मना पोटमा काय शे ते?” दगडू दोरी गुंडाळत परत गेला. नंदानं गुरांच्या दवाखान्यातून कुत्र्याला गोळी आणली आणि ओट्यावर आईजवळ येऊन बसली.

त्या बसण्यात झालेलं बोलणं मला शब्दाला शब्द लक्षात आहे. हिनं विचारलं, “मनामा तो कसाले उना?” नंदा म्हणाली, “चुकून आला, माय. त्याला मेंढीत जायचं होतं आणि मेंढीतून परत कुत्र्यात. माणसात आला की त्याला पुढे वाट नाही. तो तिथंच राहतो, वाढतो आणि त्याचा वंश तिथंच संपतो.” ही ऐकत होती. मग म्हणाली, “म्हणजे तो बी अडकना, आन मी बी अडकनू.” नंदानं तोंड फिरवलं. जगातल्या मेलेल्या माशांच्या पोटातले किडे ओळखणारी पोर, आणि आईच्या पोटात एक बसलेला, तर तिला त्याचं काही करता येईना. मी तर तिथं असून नसल्यासारखाच होतो.

ऑपरेशन करायचं ठरलं. पण आधी काही आठवडे गोळ्या घ्यायच्या होत्या, म्हणजे फुगा थोडा मवाळ होतो. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं. “बाबा, तोपर्यंत यांना जपा. जड उचलायचं नाही, वाकायचं नाही, पोटाला धक्का लागायला नको. तो आत फुटला तर त्यातलं पाणी अंगभर जातं, आणि मग आमच्या हातात फार काही राहत नाही.” मी म्हणालो, समजलं. एवढं तर आपल्यानं होईल, असं मला वाटलं. बायकोला बसवून ठेवायचं, यात काय?

उभ्या जन्मात ती कधी बसली नव्हती. मी हंडा माळ्यावर चढवला, तर ही कळशी घेऊन नळावर. कळशी लपवली, तर तांब्या तांब्यानं पाणी आणते. मी शेण काढायला घेतलं, तर मागे उभी राहून सूचना. “तठे ऱ्हायनं. इकडे बी ऱ्हायनं.” मी भाकरी थापायला बसलो, तर भाकरीला पाहून म्हणाली, “हाऊ धुये जिल्हाना नकाशा कोणी काढा?” मी तिची खाट दारात आडवी लावली आणि स्वतः तिच्या पायथ्याशी बसायला लागलो, म्हणजे ती उठली की मला समजेल. शेजारच्या बाया येता जाता हसायच्या. “आबा अक्कानी राखण करी राहिना!” ती त्यांना म्हणायची, “माले अंडावरली कोंबडी करी टाकं वं यासनी.”

सोनगीरला तिच्या मावसबहिणीकडे जायचं होतं. मी एसटीनं जाऊ दिलं नाही. रस्त्यात खड्डे आहेत. रिक्षानं नाही, तिला स्प्रिंग नसते. मग गेलीच नाही. त्यावरून ती माझ्याशी एक दिवस बोलली नाही. तिला शिंक आली की मी जागेवरून उठून उभा राहायचो, जसं काही मी उभं राहिल्यानं शिंकेचा जोर कमी होणार होता. खोकली की मला घाम. एकदा चिडून म्हणाली, “तुम्ही माले दखू नका हो असं. तुमना डोयास्नीच तो फुटी जाई.” मी दुसरीकडे पाहायला लागलो. दुसरीकडे पाहायला काय होतं? म्हैस होती.

नंदा थांबत होती. हिनंच तिला पाठवलं. मोठी बोट जाणार होती, खोल समुद्रातले मासे ताजेताजे पाहायला मिळणार होते, आणि ऑपरेशनच्या आधी ती परत पोचणार होती. ही म्हणाली, “तू अठे बठीसन काय करशी? तुना बाप शे ना राखणले. जाय.” नंदानं जाताना मला बाजूला नेऊन पुन्हा सगळं समजावलं. अंगावर गांध्या उठल्या, श्वास लागला, तर एक मिनिट थांबायचं नाही. मी म्हणालो, तू जा. मी आहे.

त्या दुपारी गोचीड काढून झाले. मी डबा बाजूला ठेवला, हात धुतले. ती म्हणाली, चहा करा. मी आत गेलो. ती खाटेवर बसली होती, पाठ भिंतीला टेकून. वाकली नव्हती, काही उचललं नव्हतं. शिंकली नव्हती, खोकलीही नव्हती. म्हैस बांधलेली होती. मी चहा घेऊन बाहेर आलो, तर ती दंड खाजवत होती. “माले काय चावनं पाहा बरं. गांध्या उठी ऱ्हायन्यात.”

कप माझ्या हातातून कुठे गेला, मला ठाऊक नाही. मी तिच्याकडे पाहतोय तोवर गळ्यापर्यंत लाल चट्टे चढले. ओठ सुजायला लागले. तिनं कुशीवर हात दाबला आणि म्हणाली, “मझार कायतरी गरम गरम जाई ऱ्हायनं.” मी गल्लीत धावलो. गल्लीत कोणी नव्हतं. सगळी माणसं कापसात. मी हाका मारल्या, त्या भिंतींना आपटून मलाच ऐकू आल्या. वेशीपाशी जिनिंगला जाणारी पिकअप गाडी उभी होती, कापसानं भरलेली. गाडीवाल्यानं गाडी सरळ दाराशी आणली. आम्ही दोघांनी तिला उचलून कापसावर ठेवलं. मीही वर चढलो.

त्या कापसात ती अर्धी बुडाली होती. गाडी हायवेला लागली, जोरात धावत होती, पण वर काही जाणवत नव्हतं. मी तिचा हात धरून बसलो होतो. तिचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. एकदा तिनं डोळे उघडले आणि विचारलं, “दार लावं का?” मी म्हणालो, लावलं. धुळ्यातल्या देवपूरची घरं दिसायला लागली आणि तिच्या बोटांतला जोर गेला. मी गाडीवाल्याला ओरडून सांगितलं, जोरात घे. तो म्हणाला, आबा, याहून जोरात जात नाही. खरंच जात नसेल.

डॉक्टर चांगले होते. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, स्वतः समोर बसले. म्हणाले, फुगा आत फुटला. मी विचारलं, कशानं? ती नुसती बसली होती, मी सांगितलं तसं तिनं सगळं केलं होतं, मी चहा करायला गेलो तेवढंच. ते म्हणाले, “बाबा, काही वेळा तो आपोआप फुटतो.” आपोआप. भांडायला समोर कोणीतरी लागतं.

बोटीवर साधा फोन लागत नाही. नंदाच्या ऑफिसातल्या माणसाला हिंदीत सांगायचं होतं, आणि मला हिंदी येत नाही असं नाही, पण ते एक वाक्य तोंडातून निघेना. गाडीवाल्यानं माझ्या हातातून फोन घेऊन सांगितलं. संध्याकाळी बोटीवरून नंदाचा फोन आला. आवाज लांबून, थांबून थांबून येत होता. तिनं विचारलं, “आबा, गांध्या उठल्या होत्या?” मी म्हणालो, हो. मागे वाऱ्याचा आवाज होता. मग ती म्हणाली, “बोट किनाऱ्याला लागायला दिवस लागतील. थांबू नका माझ्यासाठी. तिला असं ठेवू नका.” मी हो म्हणालो. पुढे कोण बोललं, फोन कोणी ठेवला, आठवत नाही.

सकाळी बाया जमल्या. तिला हिरवं लुगडं नेसवलं, कपाळभर कुंकू लावलं. म्हणत होत्या, भाग्याची, नवऱ्याच्या आधी अहेव गेली. कोणाचं भाग्य, ते मी विचारलं नाही. तिरडी बांधली. हिरवे बांबू, वर थोडं गवत, त्यावर ती. दगडूनं पुढचा बांबू खांद्यावर घेतला. आम्हाला पोरगा नाही, म्हणून विस्तवाचं मडकं माझ्या हातात दिलं आणि मला पुढे चालायला सांगितलं. पायात काही नव्हतं.

नाल्याकडे जाणारी वाट सगळी दगडांची आहे. पावसानं माती वाहून गेलेली, गोटे वर आलेले. मागची माणसं भराभरा चालत होती, जशी चालतात तशी. कुणाचा तरी पाय घसरला आणि तिरडी एका बाजूला हलली. मी थांबलो. म्हणालो, “हळू. हळू घ्या जरा.” मग मी मडकं छातीशी धरलं आणि समोर दिसेल तो दगड पायानं बाजूला सारत निघालो. मोठा असला की थांबायचो, टाचेनं ढकलायचो. अंगठ्याचं नख निघालं. मागे सगळे माझ्यासाठी खोळंबले होते.

दगडू म्हणाला, “आबा, चाला ना. आते तिले काय लागनार शे?”

पुढे एक मोठा गोटा वाटेच्या मधोमध होता. मी मडकं खाली ठेवलं आणि दोन्ही हातांनी तो काढला.